दुष्काळात धुतलेली गाडी

लातूरच्या आमच्या जुन्या कचेरीत हातपंप दुरुस्त करणाऱ्या एका माणसाबद्दल एकच गोष्ट सांगितली जायची. दुष्काळात माणसं घागरीसाठी भांडत असताना या माणसानं टँकरच्या पाण्यानं आपली मोटारसायकल धुतली, ही ती गोष्ट. मी निवृत्त झालो त्या दिवशीच्या चहापानातसुद्धा कुणीतरी ती सांगितली आणि सगळे हसले. मीही हसलो.

ती गोष्ट खोटी आहे. खोटी कशी ते मला पक्कं माहीत आहे आणि तेच लिहायला बसलो आहे. पण आधी तो माणूस सांगायला हवा, नाहीतर खोटेपणा केवढा होता ते कळणार नाही.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादेपासून वेगळा होऊन फार वर्षं झाली नव्हती. कचेऱ्या मिळतील त्या जागेत भरायच्या. आमची पाणीपुरवठ्याची शाखा एका बंद पडलेल्या अडतीत होती. उन्हाळ्यात भिंतींतून करडईचा वास यायचा. माणसं कमी म्हणून शेजारच्या जिल्ह्यांतून काही जण तात्पुरते आणले होते. ज्यांची ही गोष्ट, ते त्यांतलेच. नांदेडकडून आलेले, मूळचे अर्धापूरचे. हातपंप दुरुस्त करणं हे त्यांचं काम. मी उदगीरचा, दुकानदाराच्या घरातला, नुकताच कारकून म्हणून लागलेला आणि अजून कायम न झालेला. ते चाळिशीचे, मी पंचविशीचा. दोघांनी मिळून एक खोली घेतली होती. मी त्यांना दादा म्हणायचो. खेड्यांतून त्यांना चिंधीसाहेब म्हणत, कारण पँटच्या मागच्या खिशातून एक चिंधी कायम लोंबत असायची.

जिल्हा झाला तेव्हा शाखेला दोन छोट्या मोटारसायकली मिळाल्या होत्या. हलक्या, टू-स्ट्रोक, दोन माणसं बसली की चढावर दम टाकणाऱ्या. एक गाडी सहा महिन्यांत खिळखिळी झाली. दुसरी दादांकडे होती आणि शोरूममधून कालच आणल्यासारखी दिसायची.

त्यांचा रविवार त्या गाडीचा होता. सकाळी खोलीसमोरच्या लिंबाखाली पोतं अंथरायचे. पोत्यावर सामान ठरलेल्या क्रमानं मांडायचे: जुन्या धोतराच्या तीन चिंध्या, झिजलेला टूथब्रश, पॉलिश पेपर, एक बारीक तार, पत्र्याच्या झाकणात थोडं रॉकेल आणि तेलाची कुपी. मग वरून खाली सुरुवात. आधी कोरड्या चिंधीनं हँडल, टाकी, मडगार्ड. मग चाकाच्या तारा, एकेक करून, दोन बोटांत चिंधी धरून. तारा पुसताना ते मोजायचे. मी एकदा म्हणालो, "दादा, तारा काय कुठं जाणार आहेत?" ते म्हणाले, "जात न्हाईत. पण मोजलं की एखादी सुटत न्हाई."

त्यानंतर चेनचं कव्हर उघडायचं. चेनला ब्रशनं रॉकेल लावायचं, चाक हातानं फिरवत राहायचं, वाळू द्यायचं आणि मग कडीकडीला तेलाचा एकेक थेंब. प्लग काढून उन्हात धरायचा. "रंग विटकरी पाहिजे," ते म्हणायचे. काळा असला तर त्यांचा चेहरा उतरायचा आणि पेट्रोलच्या मिश्रणात तेल जास्त पडतं की काय यावर ते दिवसभर विचार करायचे. हवेच्या जाळीतला स्पंज रॉकेलमध्ये पिळायचा. सायलेन्सरमधली नळी दोन महिन्यांतून एकदा गोवऱ्यांच्या विस्तवात घालून काजळी जाळायची. घरमालकीण म्हणायची की हा बाबा लोखंड भाजून खातो वाटतं.

सगळ्यात नाजूक काम पॉइंट साफ करायचं. ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या त्या दोन इवल्याशा टिकल्यांच्या फटीत जाड, गुळगुळीत कागद सरकवायचा. त्या कागदासाठी ते लग्नपत्रिका जमवायचे. कुणाचीही पत्रिका आली की आधी अंगठा आणि बोट यांच्यात कागद चोळून बघायचे. मजकूर नंतर, कधीकधी वाचायचेच नाहीत. एकदा साहेबांच्या मुलीची पत्रिका हातात घेऊन ते साहेबांसमोरच म्हणाले, "लई चांगली आहे, तंतू न्हाई सुटत हिचे." साहेबांना काही कळलं नाही. ते थँक्यू म्हणाले.

लग्नाला मात्र जायचे नाहीत. एकदा मीच ओढून नेलं. पहिल्या पंगतीला पान वाढलं आणि हे दिसेनात. बाहेर येऊन बघतो तर मांडवामागे उभ्या केलेल्या गाड्यांमध्ये एका गाडीखाली आडवे झालेले. तिचं पेट्रोल ठिबकत होतं म्हणे. गाडी नवरदेवाच्या मामाची निघाली. मामा म्हणाले, "अहो, जेवून घ्या की आधी." हे खालूनच म्हणाले, "तुम्ही जेवा, ही थांबणार न्हाई."

कचेरीत त्यांची खूप थट्टा व्हायची. लग्न झालेलं नव्हतं, अर्धापूरला फक्त आई. एक जण म्हणायचा की दादा, बायको केली असती तर तिची एवढी निगा राखली असती का? दादा म्हणायचे, "बायको असती तर रविवार माझा राहिला असता का?" रस्त्यानं जाताना अनोळखी माणसाची गाडी थांबवून चेन सैल झाल्याचं सांगणं ही त्यांची खोड होती. गंजगोलाईच्या बाजारात एका पोलिसाला त्यांनी असंच थांबवलं होतं. पोलिसाला वाटलं हा काहीतरी तक्रार घेऊन आलाय. त्यानं वही काढली.

आता या सगळ्यात पाणी कुठंच आलं नाही हे वाचणाऱ्यानं पाहिलं असेल. दादांच्या गाडीला पाणी लागतच नव्हतं. टू-स्ट्रोकच्या गाडीला पाणी हा शत्रू, असं त्यांचं म्हणणं. पावसात भिजली तर खोलीवर आल्यावर स्वतःचं डोकं पुसायच्या आधी ते तिला पुसायचे. शेवटी हात काळे झाले की सुताराकडून आणलेल्या लाकडाच्या भुशानं चोळायचे आणि मग एका पेल्यात धुवायचे. त्या उन्हाळ्यात आम्हा दोघांना दिवसाला दोन घागरी मिळत होत्या. दादा तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकून उरलेलं माझ्यासाठी ठेवायचे. हे सगळं मी रोज बघत होतो. त्या माणसानं गाडीवर एक थेंब घातला नाही याचा जगात एकच साक्षीदार होता आणि तो मी होतो.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न जुळत होतं. औशाकडच्या एका गावात मुलगी बघायला जायचं होतं, एका रविवारी. दादा आदल्या दिवशी आईकडे अर्धापूरला गेले होते. टंचाईच्या दिवसांत मुख्यालय सोडायला मनाई होती, पण रविवारी सगळेच जायचे. गाडी ते कधी नेत नसत. सरकारी गाडी घरच्या कामाला न्यायची नाही, ते एस.टी.नं जायचे. किल्ली खोलीतल्या खिळ्याला होती.

मी ती न विचारता घेतली. एस.टी.तून उतरून धुळीत पायी चालत आलेला नवरदेव म्हणून जायचं मला नको होतं.

मुलगी पसंत पडली. येताना वाटेत एका गावात टँकर आलेला दिसला. गावाचं नाव लिहीत नाही. टँकर विहिरीत पाणी सोडत होता आणि पाइपाच्या जोडातून गळून तिथं चिखल झाला होता. त्या वर्षी अख्ख्या तालुक्यात चिखल असेल तर तेवढाच, आणि मी त्यातच घसरलो. मला काही लागलं नाही. गाडी मात्र एका अंगावर पूर्ण लिंपली गेली. काळ्या मातीचा चिखल. वाळला की खरवडून निघत नाही.

मला घाम फुटला तो दादांच्या भीतीनं. ते संध्याकाळी परतणार होते. तारा मोजणारा माणूस. चिंधीनं पुसत बसलो तर रात्र झाली असती. टँकरच्या ड्रायव्हरनं गाडीवरून मला कचेरीतला म्हणून ओळखलं. तो म्हणाला, "साहेब, पाइप मारू का? दोन मिनिटात होऊन जाईल." मागे बायकांची रांग होती, प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. मी त्या रांगेकडे बघितलं आणि ड्रायव्हरला म्हणालो, मार. त्यानं पाइप मारला. दोन मिनिटं नाही, चांगली पाच-सात मिनिटं. बायकांत कुजबुज झाली, एकीनं मोठ्यानं काहीतरी म्हटलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. माझ्या तोंडाला उन्हासाठी उपरणं गुंडाळलेलं होतं, डोळ्यांवर चष्मा. त्यांना मी दिसलो नाही. त्यांना गाडी दिसली, आणि ती गाडी तिकडच्या सगळ्या गावांना माहीत होती.

तीन दिवसांनी अर्ज आला. खाली पंधरा-वीस अंगठे. चिंधीसाहेबानं आमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी गाडीला घातलं. कचेरीत कुणालाच शंका आली नाही. गाडी चमकत होतीच. एवढी चमकते ती कशानं, हे कुणी कधी विचारलं नव्हतं. आता सगळ्यांना उत्तर सापडलं. आणखी एक गोष्ट होती, तीही लिहायला हवी. दादांच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज आल्यावर दोघं-तिघं दबक्या आवाजात म्हणाले की यांना सरकारचं काही मिळालं की असंच. मी तिथं बसलेला होतो. त्यावरही मी काही बोललो नाही.

साहेबांनी दादांना बोलावलं आणि जबाब लिहून घ्यायला मला बोलावलं. कारकून मीच होतो. टेबलाच्या एका अंगाला दादा उभे, दुसऱ्या अंगाला मी कागद घेऊन.

साहेबांनी विचारलं की गाडी धुतली हे खरं का. दादा म्हणाले खरं आहे, तिला पाणी लागलेलं आहे. साहेब म्हणाले, कुणी धुतली?

माझी नजर कागदावर होती. मला एवढंच वाटत होतं की यांनी अर्धापूरला गेलो होतो म्हणू नये, कारण मग गाडी कुणाकडं होती हा प्रश्न येणार. मी अजून कायम नव्हतो. पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता.

"गाडी माझ्या ताब्यात आहे," दादा म्हणाले. "तिचं जे झालं ते माझ्याच नावावर लिहा."

आणि मी लिहिलं. ते सावकाश सांगत होते, मला लिहायला जमावं म्हणून. खाली त्यांची सही घेतली. शाई ओली होती म्हणून मी फुंकरही मारली.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. दादा मूळ जिल्ह्यात परत, नेमणूक भोकरला, सेवापुस्तकात शेरा. भोकर अर्धापूरहून जवळ, म्हणून कचेरीत सगळे म्हणाले की याचं उलट बरंच झालं, आईजवळ गेला. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच सांगत आलो. तिथं त्यांना गाडी नव्हती. ते सायकलवर पान्ह्यांची पिशवी बांधून गावं करत. शेऱ्यामुळे त्यांच्या मागून लागलेले पुढे गेले आणि हे होते तिथंच निवृत्त झाले. हे सगळं मला नंतर कळत गेलं.

गाडी माझ्या नावावर झाली.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला लिंबाखाली बोलावलं. पोतं अंथरलेलं, सामान मांडलेलं. म्हणाले, "बसा भाऊ. आता ही तुमच्याकडं. एकदा सगळं दाखवून देतो." दोन तास दाखवत होते. प्लग किती घट्ट करायचा, क्लचची केबल कुठं घासते, तिसऱ्या गिअरला ती कशी कुरकुरते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

शेवटी त्यांनी चेनचं कव्हर उघडलं. खालच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि माझ्यापुढं धरलं. बोटावर लाल भुकटी होती.

"हे बघा. मी आलो त्याच रात्री दिसलं मला. पुसलं, तेल दिलं, तरी गंज परत येऊन राहिला. पाइपाचं पाणी आहे हे. जोरात मारल्याबिगर एवढं आत जात न्हाई."

मी हो म्हणालो.

"दर आठ दिवसाला हे उघडायचं. दोन महिने तरी लागतील."

मी पुन्हा हो म्हणालो. त्यांनी कव्हर बसवलं, स्क्रू आवळले. मग चिंधीनं हात पुसत बसले. हात केव्हाच पुसून झाले होते, तरी पुसत होते.

"अजून काही इचारायचं का भाऊ?"

"न्हाई."

"काही सांगायचं?"

मी लिंबाच्या बुंध्याकडे बघत होतो. त्यावर मुंगळ्यांची रांग चढत होती. "न्हाई दादा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

माझं लग्न झालं. पत्रिका छापली तेव्हा कागद चांगला जाड होता. भोकरला पाठवली नाही. गाडीचं म्हणाल तर पहिले तीन-चार रविवार मी पोतं अंथरलं. मग नाही. दुसऱ्या वर्षी ती लिलावात गेली.

पुढे एकदा नांदेडच्या बसस्थानकावर ते दिसले. केस पिकलेले, खिशातून चिंधी लोंबतेय. बाहेर उभ्या असलेल्या एका पोराला थांबवून त्याच्या गाडीची चेन दाबून दाखवत होते, एका बोटाएवढीच हलली पाहिजे म्हणून. पोरगं हसत होतं. मी वेळापत्रकाच्या फळ्यामागे उभा राहिलो आणि ते जाईपर्यंत निघालो नाही. माझी बस चुकली. त्यांच्या जाण्याची बातमी आली तेव्हा मी पासष्टीला टेकलो होतो. त्यांच्याशी बोलायची सोय तिथं संपली.

म्हणून मागच्या वैशाखात मी त्या गावाला गेलो. अर्जावर अंगठा केलेलं कुणी आहे का म्हणून विचारलं. दोघी उरल्या होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं. दुसरी हातपंपासमोरच्या घरात उंबऱ्यावर तूर निवडत बसली होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. ती सुपातले खडे वेचत ऐकत होती.

"म्हंजी तोंडाला फडकं बांधलेलं मानूस तुमी?"

"हो."

तिनं आणखी दोन खडे टाकले. "मला एकलीला सांगून काय करता? पारावर मानसं बसलीत. तितं चला."

मी म्हणालो, बसची वेळ झाली असेल.

"बस साडेपाचला हाय," ती म्हणाली. "आता चारच वाजलेत."

ती पुढे, मी मागे. पारावर सात-आठ जण होते, बहुतेक तरुण. त्यांनी मला जागा दिली. एकाला वाटलं मी एखाद्या योजनेची माहिती द्यायला आलोय. मी उभं राहून सांगितलं. चाळीस वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, पण चिंधीसाहेब हे नाव एकालाही माहीत नव्हतं. त्यांच्यापैकी बहुतेक तेव्हा जन्मलेही नव्हते. एकानं विचारलं, मग आता तुम्ही कुठं असता, लातूरलाच का?

म्हातारी अजून उभीच होती. ती माझ्याशी बोलली नाही, त्यांच्याशीही नाही. समोरच्या पंपाकडे बघत बोलली.

"त्या मानसाला म्या पानी दिलं न्हाई."

एकानं सरकून तिला जागा करून दिली, ती बसली नाही.

"अर्ज दिल्यावर आला हुता पंप करायला. उनाचं. दर खेपेला म्याच द्यायची तांब्या. त्यो आपून हून कदी मागत न्हवता. त्या दिशी बी न्हाई मागितलं, निसतं उंबऱ्याकडं बघितलं. म्या म्हनलं, गाडीला पाजलाव की, आता तुमाला कशाला पायजे? त्यानं पंप जोडला. पहिली घागर माझीच भरून दिली. आन् गेला तसाच."

एक पोरगा म्हणाला, "जाऊ द्या आजी. लई वर्सं झाली त्याला."

"तू गप," ती म्हणाली आणि पाराच्या कडेला बसली. बसताना तिला हाताचा आधार घ्यावा लागला. मग तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तुमी तवाच का न्हाई सांगितलं?"

नोकरी, साखरपुडा, साहेब, सगळी उत्तरं माझ्याजवळ होती. इतकी वर्षं घोटून तयार केलेली. त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं. पोरं हळूहळू उठून आपापल्या कामाला गेली.

बसला अजून तासभर होता. ती उठली नाही. मला तिथंच बसावं लागलं, तिच्यासमोर.